मधली चित्रं

दातू मोठा, शेपी धाकटी.
मगरीची पिल्लं. राहतात एका नदीत
जिला मालिकेत नाव नाही,
पण पुलाचे कठडे मी काळ्या घोड्याजवळच्या पुलाचे काढले
आणि अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

मुख्य चित्रं हैदराबादहून येतात.
पहिल्यात दातू शेपीचा शंख हिसकावून घेतो,
शेवटच्यात परत देतो.
मधली माझी.
अलकापुरीत, तिसरा मजला, खाली टायरचं दुकान,
सेकंदाला चोवीस, कधी बाराच,
दोन टोकांच्या मध्ये जे काही घडलं असेल
ते भरून काढायचा मला पगार मिळतो.

भांडण एका भागात एकच, असा नियम.
अकराव्या मिनिटाला मिटलेलं हवं.
चावायचं नाही. दार आपटायचं नाही
(नदीत कुठलं दार, पण नियम सगळ्या मालिकांना सारखेच).
‘तू माझी कुणी नाहीस’ हे वाक्य
संहितेत होतं, ते वाहिनीने काढायला लावलं.
मुलं ऐकतात.

मी ते ऐकलं तेव्हा एकेचाळीसची होते.
बाबांची स्कूटर शार्दूलला न विचारता भंगारात दिली,
अठराशे रुपयांत. वर त्यातले अर्धे
त्याच्यापुढे ठेवले, मोजून.
तो तेवढंच बोलला आणि चपला घालून निघाला.
डावी उजवीत, उजवी डावीत.
मी हाक मारली नाही.

समा काही लांब नाही. रिक्षावाला सत्तर म्हणतो, साठात येतो.
सात वर्षं.

पूर आला तेव्हा त्यांच्या सोसायटीत मगर शिरली.
फोटो सगळ्या नात्यात फिरून माझ्यापर्यंत आला,
कुणा मामेवहिनीने ‘जय श्रीकृष्ण’च्या खाली पाठवलेला.
जिन्याच्या चौथ्या पायरीवर जबडा टेकून
प्रवासाने दमलेल्या पाहुण्यासारखी ती,
कमरेखाली सगळं गढूळ पाणी.
कोपऱ्यात काठी धरलेला एक हात. अंगठा ओळखीचा.
फोटो मी स्टुडिओत टाचणीने लावला.
संदर्भासाठी, असं सांगितलं.
दातू-शेपीचं नाक, डोळ्यांवरचे उंचवटे तिथूनच आले.
मागचे पाय मनाने काढले.

एकदाच माझी चित्रं परत आली.
शंख देताना दातूने शेपीकडे बघायला हवं, अशी सूचना.
मी त्याला शेवाळाकडे बघत,
हात मागे करून देताना काढलं होतं.
शार्दूल सगळं असंच द्यायचा:
खोडरबर, पतंगाची फिरकी,
एकदा तर बाबांच्या अस्थींची पिशवी.
चौदा चित्रांत मी मान वळवली.
पंधरावं तसंच ठेवलं. सेकंदाचा चोविसावा भाग,
कोण बघतंय.

शेवटी नावं धावतात, त्यात मधल्या चित्रांची माणसं
एका दमात सतरा.
त्यातली मी सापडायला मालिका थांबवावी लागते,
बहुतेक दोनदा.

गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत, त्या नंबरवरून:
‘रेवतीच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.
मगरीच्या मागच्या पायाला चारच बोटं असतात.
तू पाच काढलीस.
आमच्याकडची दोरीने बांधली तेव्हा मोजली होती.’

पुढे काही नाही. खाली नावही नाही.
डबा अर्धा ठेवून मी फाईल उघडली.
पुढच्या भागाची एकशे बारा चित्रं झालेली,
प्रत्येकात दोन मगरी, चार मागचे पाय,
म्हणजे चारशे अठ्ठेचाळीस बोटं जास्तीची.
शेपीपासून
खोडायला घेतली.