मंजुळ, उदगीर

पितळी पट्टी, दोन खिळे, वर एवढंच :
मंजुळ, उदगीर.
वॅट नाही, साल नाही.
साल विचारलं की दस्तगीर मिस्त्री म्हणायचे,
रझाकारी मिटली, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात.

हैदराबादेत, जुम्मेरात बाजारात
फौजेचे मोडके वायरलेस शेरावर विकत,
लोखंड वेगळं, तांबं वेगळं.
मिस्त्रींनी आणल्या नुसत्या काचा,
सहा एल सहा, जोडीनं, रजईत गुंडाळून,
आणि बसमध्ये उदगीरपर्यंत उभेच राहिले.
जागा होती.
हादरा पायांनी खावा म्हणून.

ट्रान्सफॉर्मर गुंडाळायच्या गिरिजाबाई तोडकरी.
चार हजार दोनशे वेढे, हातानं, मोजून.
मधेच हाक मारली तर उत्तर यायचं आकड्यात :
"एकोणीसशे सात."
मग आम्ही गप.

माझं काम सोपं. वय नऊ.
प्रत्येक सेटसमोर उभं राहून म्हणायचं :
हालो. हालो. ज्वारी. सुपारी. शेंग.
मिस्त्रींचा डावा कान लहानपणीच गेलेला, उजवा अर्धा.
ते कोनाच्या काळ्या कागदावर करंगळी टेकवत,
डोळे मिटत.
"पोरा, तुझा श टोचतोय."
की पुन्हा डाख, पुन्हा राळेचा धूर,
पुन्हा शेंग.

माळेगावच्या जत्रेत पहिला भोंगा चढला
तेव्हा घोड्यांनी दावी तोडली.
अठरा सेटांची मागणी आली
आणि घोडेवाल्यांची एक लेखी तक्रार.
भिंतीवर मिस्त्रींनी लावली ती तक्रार.

मग दिल्लीचा माल आला, हलका, चकचकीत, अर्ध्या दामात.
मग त्याच मालावर आमची पट्टी :
मंजूळ. जू दीर्घ.
बिघडला की लोक आणायचे आमच्याचकडे.
मी म्हणालो, हाकला यांना.
मिस्त्रींनी मागचं झाकण उघडून लई वेळ बघितलं.
"नाव आपलं लावलंय बाबा.
आता आवाज बी आपलाच द्यावा लागंल."

सत्तेचाळीस सेट. फुकट.
दुकान त्यातच बसलं, असं वही सांगते.

परवा निलंग्याकडं, एका ग्रामपंचायतीत,
कपाटावर धुळीत दिसला एक.
पट्टी पुसली. जू दीर्घ.
झाकण काढलं,
आत गिरिजाबाईंचे वेढे, लाल सुती दोऱ्याची गाठ.
बटण फिरवलं. आधी घूं झालं.
मी म्हणालो, शेंग.
सरपंच म्हणाला, काय म्हणालात?
मी करंगळी टेकवली होती.

अजून टोचतोय.