भाराखाली

रात्री दोनला वीज गेली.
यूपीएस चार मिनिटं केकाटला, मग गप्प.
लसींचा फ्रिज पहाटेपर्यंत कोमट होत गेला.
सिस्टर मुसोंडा दारात उभी, हातात तापमानाची वही,
जणू पंचनाम्याला आलीये.

न्डोला, सकाळचे आठ.
बाना चिलुफ्या, म्हणजे चिलुफ्याची आई,
चिटेंग्याची घडी अंथरून फरशीवर बसते.
समोर चार बॅटऱ्या,
एकीचं ऋण दुसरीच्या धनाला बांधलेलं.
“सांग कासोंदे, यातली कुठली मेली?”

मी तिसरीकडे बोट करतो.
टर्मिनलवर हिरवट-पांढरा खरपुडा, वायरीवर चढलेला.
ती काही बोलत नाही. गरम पाणी, खायचा सोडा, दातांचा जुना ब्रश.
फेस उठतो, ओसरतो, खाली शिसं लख्ख.
मीटर लावतो: बारा पॉइंट सहा.
पहिली बारा सहा. दुसरी बारा सात. चौथी बारा सहा.
मग मेलं कोण?

“बसल्या जागी कुणीही बारा सहा सांगतं.
रस्त्यात कुणालाही विचार, मुलि शानी, कसा आहेस?
ब्विनो म्हणेल. बरा आहे.
चूल दोन दिवस थंड असली तरी.”

पिशवीतून तिचा भार निघतो:
भंगारातल्या कोरोलाचे दोन हेडलाइट,
फळीवर स्क्रूने आवळलेले.
तिसरीला जोडले. आकडा बारा दोनवर टेकला,
तिथंच राहिला. पहिली, चौथी, तशाच.
दुसरी, सगळ्यांत स्वच्छ,
जिचं स्टिकरही अजून सुटलेलं नाही,
तिला लावले आणि दिवे तांबडे होत गेले,
अकरा. साडेनऊ. आठ पॉइंट एक.
दहा सेकंदांत.

झाकणं काढून ती हायड्रोमीटर बुडवते.
पाच खणांत तरंगा वर येतो,
चौथ्यात तळाशीच बसून राहतो.

“नवी एकच घ्यायची?” सिस्टर विचारते.
“तीन म्हाताऱ्या तिला वर्षभरात आपल्यासारखी करतील.
चार घ्या.”
वहीत चारचे पैसे नाहीत. वहीत एकाचेही नाहीत.

दुपारी बाना स्वतःच्या घरची घेऊन येते,
याच वयाची, भाराखाली तपासलेली.
संध्याकाळी परत निघालो,
सायकलच्या कॅरिअरला मेलेली बांधून, मी ढकलतोय.
तिच्या गल्लीत काळोख.
“मुलि शानी, बाना?”
“ब्विनो.”

मी दहा सेकंद तिच्याकडे बघत राहतो.