ओळंबा

डिसेंबरात इथे, केमीत,
दुपारी दोनलाच दिवस मिटतो.
दातांच्या दवाखान्यातून येते, हात धुते,
आणि जेवणाचं टेबल पुन्हा ठोकळ्यांचं होतं.

एन्सियो ताटली मांडीवर घेतो. बोलत नाही.
एकदाच म्हणाला होता, "नातवंडं तरी होऊ देत आधी."

बाबांचा सौना बांधतेय.
पाडला त्यालाही आठ वर्षं झाली.
खोक्यावर चित्र नाही, सोबत पुस्तिका नाही,
कापसाचे बोळे धरायची चिमटी तेवढी आहे
आणि मान मोडून बसायची सवय.
तपकिरी ठोकळे कमी पडले,
मागची भिंत निळी केलीय. मागून कोण बघतंय?

तिसऱ्यांदा उभा राहिला, तिसऱ्यांदा खोटा.
कारण तो सौना कलता होता,
तळ्याकडे, कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यासारखा
कान पुढे करून.
बाबा दर उन्हाळ्यात ओळंबा धरायचे,
हसायचे,
ओळंबा परत खिशात.

ह्या ठोकळ्यांना काटकोनाबाहेरचं काही ठाऊक नाही.
टक् म्हटलं की सरळ.

काल रात्री, कंटाळून,
एक ठोकळा पुरता दाबलाच नाही.
त्यावरचाही नाही. केसभर, केसभर
अर्धवट सोडत गेले,
नियमात न बसणारं काम.
भिंत हलली, थांबली,
कलली.

एन्सियो ताटली ठेवायला उठला होता.
वाकून बघितलं त्यानं. मग
स्वतःची मान तेवढीच तिरकी केली.
"दार घट्ट बसवू नकोस," म्हणाला,
"त्याचं कधी लागायचं नाही."