गैरहजर, एक दिवस

आकितीच्या आदल्या रात्री निघालो.
चाकणहून आम्ही सात, सोलापूरचे पाच,
सुरतहून यल्लप्पाकाकाचे चौघे,
त्यांच्या पोरीला मराठी कळतं, बोलता येत नाही.
केजच्या स्टँडवर सगळे एका टेम्पोत मावलो
म्हणजे मावलो नाहीच. हणमंतू टपावर,
मांडीवर मातीच्या चार केळ्या, गोधडीत गुंडाळून.

धारूरचा घाट उतरला की कच्चा रस्ता.
मोबाइलच्या नकाशात तलाव निळा दिसतो.
आम्हाला दिसला तो भेगाळलेला,
मधोमध चिखलाएवढं पाणी, त्यात बसलेल्या म्हशी.
"हाच का?" सुरतच्या काकूनं विचारलं.
नागूआत्या चप्पल काढत होती.

लोकांचे पितर बांधावर असतात,
देव्हाऱ्यातल्या टाकात असतात.
आमचे कुठं शोधायचे?
काम संपलं की पाल उठायचं, चूल मोडायची.
जो जिथं मेला तिथं पुरला, वर दगड ठेवला.
पुढच्या कामाला त्याच दगडाची खडी झाली असेल.

एक कागद आहे फक्त.
हणमंतूनं कचेरीत तीन खेपा घालून काढलेली
हजेरीपटाची झेरॉक्स, दुष्काळाच्या सालातली.
दुर्गाप्पा तिम्मा. सायव्वा दुर्गाप्पा.
अंगठा, अंगठा, अंगठा,
आणि आजीच्या ओळीत एका खान्यात नुसतं 'गै'.
त्या दिवशी आत्या जन्मली,
ह्याच भरावाच्या पोटाशी, दोन लुगड्यांच्या आडोशाला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगठा.
आत्याकडं जन्माचा दाखला नाही.
'गै' आहे. ती तिनं लॅमिनेट करून घेतलीय.

मी पोकलेन चालवतो.
सवयीनं नजरेनंच भराव मोजला,
बोलून गेलो, "आत्या, माझ्या मशीनला
हे आठ दिवसांचं काम."
आणि जीभ चावली.
ती हसली. "मग कामून नाही आनलंस रं तवा?
आठ महिने पोट चाललं आमच्या घरचं ह्याच्यावर.
आठ दिसात उरकलं असतं
तर बाकीचे दिस काय खाल्लं असतं, दगड?"

तेवढ्यात मासळीचा ठेकेदार आला, मोटारसायकल चालूच.
कोण तुम्ही, परवानगी कुणाची, जागा सरकारी आहे.
"सरकारीच हाय," आत्या म्हणाली,
"आमी कामाला आलतो."
"कधी?"
"बहात्तरला."
त्यानं गाडी बंद केली.

केळ्या भरायला पाणी केजहून आणलेलं,
जारचं, वीस रुपयांचं.
ज्यांनी तलाव खणला त्यांना विकतचं पाणी,
कुणी बोललं नाही, पण जार रिकामा होताना
घळघळ आवाज फार वेळ येत राहिला.
वर आंबे ठेवले, पळसाच्या पानावर शेवया, गूळ.
पितरांच्या नावानं कुणी परका जेवावा लागतो.
ठेकेदार नको नको म्हणत बसला,
मग दोनदा आमरस मागून घेतला.

सुरतची पोर एका दगडावरचे टाकीचे घाव
बोटानं चाचपत होती. गुजरातीत काही विचारलं तिनं.
आत्यानं उत्तर दिलं ते आमच्या घरातल्या बोलीत,
जी आता मलाही अर्धीच येते.
दोघींनी माना हलवल्या.
कोणता दगड आज्याचा, कोणता दुसऱ्या कुणाचा,
विचारायचं मनात होतं. राहिलं.

ऊन कलल्यावर टेम्पो सुरू केला.
हणमंतूनं टपावरून डोकी मोजली,
पुन्हा मोजली. एक कमी.
आत्या भरावाच्या पोटाशी बसली होती,
पाठ दगडाला लावून, पाय लांब करून.
ड्रायव्हरचा हात हॉर्नवर गेला होता.
मी तो धरला.