चार बोटं

ओल्शोव्हाच्या महालाला दोन पंख असायला हवे होते.
नकाशात आहेत. जमिनीवर एकच, उजवीकडचा.
डावा बांधायच्या आधी म्येल्झित्स्कींचे पैसे संपले,
किंवा इटलीहून आणलेला गवंडीच संपला, न्युमोनियानं.
गावात दोन्ही सांगतात.

पुढचे चार खांब लांबून दगडी.
जवळ जाऊन नखानं खरवडा: विटा.
चौथा तर नुसता ओक, वरून चुना.
महालात शाळा भरायची तेव्हा आम्ही पोरी
त्यालाच टेकून उभ्या राहायचो,
लाकूड पाठ गारठवत नाही.

शाळा गेली, सरकारी शेती आली.
नाचाच्या दालनात ओट्स, छातीइतके.
तुळया वाकल्या त्या वाकल्याच;
अजून गोटी सोडली तर दक्षिणेच्या खिडकीशी जाते,
जिथून लिंडनची रांग सरळ दिसते,
अकरावं झाड सोडून.
जिन्यावर घराण्याची ढाल, तीत हंस.
तीनदा चुना फासला.
ओल धरली की हंस परत वर येतो.

आता क्राकूफहून येरेमी आलाय,
कानामागे पेन्सिल, हातात टेप.
"एकोणतीस चौकटी," तो म्हणाला,
"कवाडं अठ्ठावीस. ग्रंथालयाचं नाही."
मी चहा ओतला.

बाबा गाड्यांची चाकं करायचे. चोर नव्हते.
त्या जानेवारीत मालक गेले, सैनिक यायचे होते,
मधले दोन दिवस महाल कुणाचाच नव्हता.
कुणी आरसा नेला, कुणी पियानोचं झाकण, कणीक मळायला.
तेक्लाबाईनं शेकोटीच्या निळ्या फरशा एप्रनमधून नेल्या,
सात खेपा.
बाबांनी कवाड आणलं, स्लेजवर, अंधारात;
आमच्या दाराला गोणपाट होतं
आणि लुत्सियान खोकत होता.

येरेमी त्याच कवाडातून आत आलाय.
पितळी मूठ धरून, एका पायावर तोल सावरत
त्यानं बूट काढले.
आता चहा पिताना दाराकडे बघतोय,
चेहरा ओळखीचा, नाव आठवेना, तसं.

"त्या चौकटीची उंची किती रे?"
"दोनशे सहा."

माझं एकशे अठ्ठ्याण्णव भरेल.
आमची भिंत बुटकी; बाबांनी खालून
चार बोटं कापलं होतं.
ती पट्टी त्याच रात्री चुलीत गेली.
ओक सावकाश जळतो.
उजाडेपर्यंत लुत्सियान खोकला नाही,
एवढं मला आठवतं.