शून्य सेकंद

पुंता अरेनासला वारा पिसाळला की
चौकाचौकात दोरखंड बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
अशाच एका दुपारी, कोटाच्या आत लॅपटॉप कवटाळून
दोन्या एदेल्मिरा दुकानात शिरल्या.
"नातवानं ह्यात नवीन काहीतरी घातलंय, इर्मा.
माझ्या ओनोरियोचं सगळं गेलं."

मी झाकण उघडलं. काळा पडदा,
मग थेट नवी सिस्टीम, ना विचारपूस, ना थांबणं.
डिस्क तपासली. जुनी जागच्या जागी,
केसालाही धक्का नाही:
तीस वर्षांचे लोकरीचे हिशेब,
कुठल्या कुरणातून किती गासड्या, कुणाची उधारी.

"गेलं नाही काही," मी म्हटलं.
"आत दोघं झोपलेत आणि दाराशी कुणीच नाही.
जो आधी उठतो, तोच घरभर फिरतो.
एक बूट मॅनेजर बसवू. फुकट मिळतो,
त्याचा सोर्सही उघडा, कुणीही वाचावा."
"फुकट?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
जन्मभर लोकर विकलेल्या बाईनं पाहावं तसं.
"मग बनवतं कोण?"
"असतात कुणी कुणी. दिवसाचं काम आटोपून, रात्री."

आणायच्या वाटा तीन.
सरळ वाट, झिप फाइल उतरवायची:
एक्क्याऐंशी टक्क्यांवर नेट गेलं
आणि त्या आठवड्यात परत आलं नाही.
दुसरी, नव्या सिस्टीमच्या कोठारातून पॅकेज मागवायचं,
एका ओळीचा हुकूम. पण कोठारही नेटपलीकडेच.
तिसरी, सोर्सपासून स्वतः रांधायचा.
गेल्या हिवाळ्यातली प्रत होती माझ्या कपाटात;
रात्री अकराला कंपायलर म्हणाला, एक लायब्ररी कमी आहे.
मीठ नसल्याचं भाजी चुलीवर चढल्यावर कळावं, तसं.

चौथी वाट कुठल्याच माहितीपत्रकात नाही.
सामुद्रधुनीच्या पल्याड, पोर्वेनिरच्या शाळेत
रुपेर्तो मान्सिया कॉम्प्युटर सांभाळतो. त्याला फोन केला.
दोन दिवस बोटी बंद.
तिसऱ्या दिवशी फेरीवरच्या आचाऱ्यानं
खेकड्यांच्या खोक्यातून एक पेनड्राइव्ह काढून दिला,
दोन पिशव्यांत गुंडाळलेला, तरीही वास येणारा.
मग फोनवर रुपेर्तो अक्षरं वाचत गेला,
मी पडद्यावर बोट सरकवत गेले.
चौसष्ट अक्षरं. एकही चुकलं नाही.
वाटेत कुणी हात लावलेला नव्हता.

बसवणं म्हणाल तर पाच मिनिटांचं.
डिस्कवर एक चिमुकली खोली असते,
तिच्यात एक फोल्डर, फोल्डरात ही फाइल,
आणि मदरबोर्डच्या यादीत हिचं नाव सगळ्यात वर.
मदरबोर्डनं पहिल्यांदा हाकलूनच दिलं:
सही ओळखीची नाही.
निळ्या पडद्यावर जाऊन किल्लीची ओळख करून दिली,
हा आपलाच, येऊ दे म्हणून.

मग दोन चित्रं, शेजारी शेजारी.
दोन्या एदेल्मिरा खुर्ची ओढून बसल्या.
"किती वेळ थांबतो हा?"
"वीस सेकंद. मग आपणहून एकाला उठवतो."
"वीसात माझा चष्मासुद्धा सापडत नाही."

मी कॉन्फिग फाइल उघडली,
वीस खोडून शून्य लिहिलं.
त्या दचकल्या. "अगं, शून्य?"
"ह्याच्या भाषेत शून्य म्हणजे लगेच नव्हे.
शून्य म्हणजे तुम्ही सांगाल तोवर."

पैशांबरोबर रूबार्बच्या मुरंब्याची बरणी ठेवून गेल्या.
आंबट होता. संपवला.

पंधरवड्यानं बँकेच्या कोपऱ्यावर भेटल्या,
दोघींनी एकाच दोराला धरलेलं.
"उघडता ना जुनी?" मी ओरडून विचारलं.
"नाही गं, अजून नाही. नवीवर पत्ते खेळते.
पण केटली उकळेपर्यंत काहीच दाबत नाही.
दोघंही दिसतात तेव्हा..."
पुढचं वाऱ्यानं नेलं.
मी मान हलवली, ऐकू आल्यासारखी.