संभारो

फ्रिजच्या दारावर यादी आहे, तीन हस्ताक्षरांत.
वरचं डॉक्टर तस्नीम वोरांचं, गिचमिड, निळं:
दूध उकळूनच. अंडं आतपर्यंत शिजलेलं.
पालक, मेथी तीन पाण्यांत धुऊन.
मोड आलेले मूग कच्चे नकोत.
चहा दोनच कप, तोही लोहाच्या गोळीजवळ नको.
सेवउसळ? वाफ येत असेल तर, कधीतरी.
मधलं कुमुदआत्यांचं, पेन्सिलीत, टपोरं:
तीळ नको. वांगं उष्ण.
अननस नको, याच्याखाली दोन रेघा.
अगदी खालचं माझं आहे,
एकच शब्द, आणि तो मी खोडलाय.

गेल्या माघात निरंजनचे मित्र आले होते.
रावपुऱ्यातून रविवारचे गाठिये आणले, कढी,
तळलेल्या मिरच्या, आणि कागदाच्या पुडीत
कच्च्या पपईचा संभारो,
हळदीनं पिवळा, मोहरी डोळे उघडून बसलेली.
मी दोन चिमट्या खाल्ल्या.
तिसरीही, खरं सांगायचं तर.
नववा आठवडा होता. कुणाला सांगितलं नव्हतं.
गुरुवारी सांगण्यासारखं काही उरलं नाही.

नंतर कुणी काही बोललं नाही.
समोरच्या जागृतीबेन फक्त म्हणाल्या, "पपैयुं?"
एवढंच.
ते प्रश्नचिन्ह वर्षभर माझ्या ताटात राहिलं
आमटीतल्या आमसुलासारखं,
चावायचं नाही
आणि काढून तरी ठेवायचं कुठं.

या वेळी विचारलं.
पोटावरची गार जेल पुसता पुसता,
छतावरच्या पंख्याकडे बघत विचारलं.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
"किती खाल्लं होतंस?"
मी बोटांची चिमूट करून दाखवली.
चिमटीत काही नव्हतं, तरी हात थरथरला.
"एवढ्यानं?" त्या म्हणाल्या,
"अगं, इतक्या लवकर जातं ते बहुतेक वेळा
सुरुवातीचा टाकाच चुकलेला असतो म्हणून.
कच्ची पपई आत्ता नको, ते बरोबर आहे.
पूर्ण पिकलेली चालेल, धुऊन खा.
पण मागचं तुझ्या ताटातून आलेलं नव्हतं."

मग त्यांनी पुढच्या बाईचं नाव पुकारलं.

रिक्षावाल्याला घर सांगायचं, तर तोंडून
खंडेराव मार्केट निघालं.
फळवाला पपईला कानाशी धरून वाजवत होता.
"आजच कापा," म्हणाला, "उद्या हिचं काही खरं नाही."

घरी कापली तेव्हा कुमुदआत्या दारात उभ्या होत्या.
मला वाटलं, आता यादी वाचतील.
त्या स्टूल ओढून बसल्या.
काळ्या बिया मी सिंकमध्ये ओढत होते, त्यांचा आवाज,
आणि मध्येच त्यांचा:
"मला अननस म्हणाले होते.
सत्याऐंशी साली. आमच्या वन्संच्या मंगळागौरीला
शिरा केला होता, अननसाचा.
एक वाटी. साजूक तूप सुटलेलं.
इतका छान झाला होता गं."

पुढचं त्या बोलल्या नाहीत.
अडतीस वर्षं त्या घरात कुणाच्याही डोहाळजेवणाला
तो शिरा झाला नाही, हे मला माहीत होतं.
त्यांना आवडत नाही, एवढंच माहीत होतं.
मग वांगं कुणाचं होतं?
तीळ कुणाचे?
पेन्सिलीची अक्षरं मी आता हळू वाचते,
जवळ जाऊन, नावं वाचावीत तशी.

दोन फोडी मी खाल्ल्या. तिसरी त्यांच्यापुढे धरली.
त्यांनी आधी सालीकडे पाहिलं, हिरवं कुठं राहिलंय का,
मग खाल्ली,
बोटं पदराला पुसली.

"पुढच्या वेळी जाशील," त्या म्हणाल्या,
"तेव्हा तिला विचार.
माझं नाव नको सांगूस.
नुसतं अननसाचं विचार."